निवारागृहातील खेळणी पडून का राहतात, आणि त्याऐवजी काय करता येईल

आपण लिहिले आहे की नाशिकजवळच्या एका लहान निवारागृहात आपण दर रविवारी जाता, तिथे 40 कुत्री आणि 12 मांजरे आहेत, वर्गणी काढून आणलेल्या खेळण्यांकडे दुसऱ्या दिवसापासून कोणी पाहत नाही, एक कुत्रा पिंजऱ्यात सारखा गोल फिरतो आणि मांजरे कोपरा सोडत नाहीत. हाताशी पैसे फारसे नसताना काय करावे, असा आपला प्रश्न आहे. अशाच एका निवारागृहात मी 9 वर्षे स्वयंसेवक म्हणून काम करतो. त्या आधारावर उत्तर देतो.

गावठी कुत्रा रस्त्यावर असतो तेव्हा हिंडतो, वास घेतो, उकिरडा उकरतो, कोणाजवळ जायचे आणि कोणापासून लांब राहायचे हे स्वतः ठरवतो, आणि दुपारी आपली सावली आपण शोधतो. पिंजऱ्यात आल्यावर दोन्ही वेळचे अन्न मिळून पाच मिनिटांत संपते आणि पुढचा सगळा दिवस त्याने ठरवावे असे काहीच उरत नाही. चेंडू फेकणारे कोणी नसेल, त्याला वास नसेल आणि तो फोडून आत काही मिळणार नसेल, तर कुत्र्याच्या दृष्टीने ती एक निर्जीव वस्तू असते. म्हणून ज्याला आपण सारे एनरिचमेंट म्हणतो, म्हणजे कोंडलेल्या प्राण्याच्या दिवसात त्याला करण्याजोगे काही आणणे, त्याचा विचार खेळण्यांपासून न करता त्या प्राण्याच्या मूळ उद्योगांपासून करावा: शोधणे, हुंगणे, चावणे, उकरणे, लपणे आणि नको असेल तेव्हा दूर जाता येणे.

सुरुवात अन्नापासून करावी, कारण ते रोज द्यायचेच असते आणि त्याला वेगळा खर्च येत नाही. कोरडे खाद्य देत असाल तर जुन्या इडलीपात्राच्या ताटल्यांत ते घालून प्रत्येक खळग्यावर एकेक टेनिसचा चेंडू ठेवावा. पडून राहिलेल्या खेळण्यांचा हा पहिला उपयोग. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, गुंडाळलेले गोणपाट, कागदाचे बोळे भरलेला खोका यांतही खाद्य लपवता येते, आणि पुठ्ठा वापरून झाला की फेकून देता येतो, हा जिथे साथीची भीती कायम असते तिथे मोठाच फायदा आहे. बहुतेक ठिकाणी चिकन-भात शिजतो. तो परातीत पातळ थापून दिला की कुत्रा बराच वेळ चाटत बसतो, आणि चाटण्याने तो शांत होतो असा माझा अनुभव आहे. मे महिन्यात हेच बिनमिठाच्या पातळ ताकात कालवून वाटीत गोठवावे. पहिल्या दिवशी मात्र अन्न जवळजवळ उघडेच ठेवावे. घाबरलेला कुत्रा अवघड कोडे सोडवत नाही, तो उपाशी राहतो.

येथे एक चूक कबूल करतो. पहिल्याच वर्षी मी उत्साहाच्या भरात सहा कुत्र्यांच्या सामाईक आवारात खिमा भरलेले खोके ठेवले आणि दोन कुत्री अशी भिडली की एकीच्या कानाला टाके घालावे लागले. लपवलेले अन्न ज्याने त्याने आपापल्या पिंजऱ्यातच, दार लावून खावे, हा नियम तेव्हापासून आम्ही मोडलेला नाही. मंगल कार्यालयातून आलेले उरलेले अन्नही यासाठी वापरू नये, कारण त्यात कांदा-लसूण असतोच आणि शिऱ्यात बेदाणे असतात. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि आपल्या नाशकात द्राक्षांची पेटी प्रेमाने आणून देणारे दाते कमी नसतील.

अन्नाखालोखाल वास. बाहेरचा सुका पालापाचोळा, गवताची पेंढी, वाळ्याच्या जुन्या पडद्याचा तुकडा असे काहीतरी आठवड्यातून दोनदा पिंजऱ्यात ठेवून पाहावे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निवारागृहातील 55 कुत्र्यांना निरनिराळे सुगंध देऊन पाहिले, तेव्हा लॅव्हेंडर आणि कॅमोमाइलच्या वासाने ती अधिक विसावली व कमी भुंकली, तर रोझमेरी आणि पेपरमिंटने त्यांची हालचाल व भुंकणे वाढले. यावरून सुगंधी तेलांच्या बाटल्या आणायला धावू नये; अशी अनेक तेले मांजरांना विषारी असतात. एका कुत्र्याचे अंथरूण दुसऱ्याला हुंगायला देणे ही चांगली युक्ती आहे, पण विलगीकरणातल्या किंवा नुकत्याच आलेल्या कुत्र्याचे कधीही देऊ नये, कारण पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाचा विषाणू आवारात महिनोन्महिने टिकतो.

मांजरांसाठी आपण सर्वप्रथम एक करावे: प्रत्येकीला आडवे ठेवलेले, एका बाजूने उघडे असे पुठ्ठ्याचे खोके द्यावे. नेदरलँड्समध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्याने आलेल्या 19 मांजरांपैकी 10 जणींना लपायला खोके दिले आणि 9 जणींना दिले नाही. खोके मिळालेल्या मांजरांचा ताण पहिल्या काही दिवसांतच स्पष्टपणे कमी दिसला, तर खोक्याविना राहिलेल्यांना त्या पातळीला यायला सुमारे दोन आठवडे लागले. आपल्याकडे लपलेले मांजर बाहेर ओढून ‘माणसाळवण्याची’ जी खोड आहे, तिने नेमके उलटे होते. खोक्यावर फळी टाकली की उंचावर बसण्याचीही सोय होते. कुत्र्यांचे पिंजरे मांजरांना दिसत असतील तर मध्ये जाड पडदा लावावा. रानात उगवणारी कुप्पी किंवा खोकली आपण ओळखत असाल, तर तिच्या ताज्या मुळीचा वास बऱ्याच मांजरांना वेड लावतो. मुळी खाऊ न देता कापडात बांधून लोळायला द्यावी.

संगीताबद्दल थोडक्यात सांगतो. 2002 मध्ये बेलफास्टलाच केलेल्या अभ्यासात शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताने कुत्री शांत झाली आणि हेवी मेटलने अधिक भुंकू लागली. पण तेच संगीत दिवसेंदिवस लावले की परिणाम ओसरतो, म्हणून दिवसातून तासभर, हलक्या आवाजात आणि बदलते असावे. दिवसभर रेडिओ ठेवणे म्हणजे त्यांच्या कानांवर अत्याचार आहे.

रविवारच्या स्वयंसेवकांकडे खरे मोल असते ते वेळेचे, आणि तो आपण बहुधा फोटो काढण्यात व सर्वांना थोडे थोडे थोपटण्यात घालवतो. त्यापेक्षा एकाने दोन-तीन कुत्री निवडून प्रत्येकाच्या पिंजऱ्यात पाठ वळवून 15 मिनिटे बसावे, तो जवळ आला तरच हात लावावा. फेरीला नेताना किती अंतर चाललो याची चिंता सोडून त्याला हवे तिथे हवे तितके हुंगू द्यावे. एखाद्या विश्वासू घरी एक-दोन रात्री पाठवता आले तर अवश्य पाठवावे. अमेरिकेत पाच निवारागृहांत केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मुक्कामात कुत्र्यांच्या शरीरातील कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारे संप्रेरक, घटलेले दिसले. परतल्यावर ते पूर्ववत झाले, पण पूर्वीपेक्षा वाढले नाही. त्यामुळे ‘परत आणल्यावर त्याला अधिक वाईट वाटेल’ या भीतीने त्याला ती विश्रांती नाकारण्याचे कारण नाही.

गोल फिरणाऱ्या कुत्र्याला आधी पशुवैद्यांना दाखवावे. कानाचे दुखणे आणि मेंदूचे विकारही असे दिसू शकतात. ते नसेल तर एका वहीत आठवडाभर त्याच्या फिरण्याच्या वेळा लिहून ठेवायला तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगावे. आमच्याकडची एक कुत्री नेमकी जेवणाची भांडी वाजू लागली की फिरू लागे. तिला सर्वांत आधी, आणि तेही गोणपाटात गुंडाळून, अन्न देऊ लागल्यावर दीड महिन्यात तिचे फिरणे बरेच कमी झाले, पूर्ण थांबले मात्र कधीच नाही. फिरत असताना ओरडू नये आणि लाडही करू नयेत.

उरलेल्या खेळण्यांमधून बटणांचे डोळे असलेली, सुटे दोरे निघालेली आणि चावून तुकडे पडणारी आधी बाजूला काढावीत. बाकीच्यांच्या चार पिशव्या करून दर दोन-तीन दिवसांनी एकच पिशवी बाहेर काढावी, तीही धुऊन.