नवीन चित्र सुचल्यापासून ते विकायला ठेवेपर्यंत चित्रकार नेमकं काय करतात? किंमत कशी सांगतात?

तुम्ही लिहिलंय की धुळ्यात नोकरी सांभाळून पाच-सहा वर्षं निसर्गचित्रं रंगवताय, कपाटावर वीस-बावीस चित्रं साठलीत, पांझरा नदीच्या पुराचं एक मोठं चित्र नुकतंच झालंय, आणि कुणी "केवढ्याला?" विचारलं की जीभ टाळ्याला चिकटते. मी जळगावची. ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) करून बारा वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, गेली नऊ वर्षं स्वतःचं काम करते. तरी घर निव्वळ चित्रांवर चालत नाही. शनिवार-रविवार मुलांचे चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचे क्लास घेते. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा गैरसमज नको.

एकच चित्र धरून सांगते, नाहीतर गोलगोल होईल.

माझं माहेर चोपडा तालुक्यातलं. घराच्या मागे केळीचा मळा. लहानपणापासून केळी काढत आले आणि दरवेळी ती शाळेच्या तक्त्यातल्यासारखीच यायची. हिरवं पान, मध्ये दांडा, संपलं. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत गेले होते तेव्हा दुपारी चारच्या सुमाराला बांधावर वही घेऊन बसले. घड वाहणारे एक म्हातारे बाबा पाणी प्यायला थांबले, वहीत डोकावले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "पान हिरवं कोठे शे व माय, पिवळं शे ते."

मी मान वर करून नीट पाहिलं. बाबा बरोबर होते. ऊन पानाच्या पलीकडून येत होतं, त्यामुळे जी पानं माझ्या आणि सूर्याच्या मध्ये होती ती आतून पेटल्यासारखी पिवळी होती, आणि जी आडवी पसरली होती त्यांच्या पाठीवर आभाळ पडलं होतं, ती चक्क निळसर राखाडी. नुसता हिरवा म्हणावा असा रंग फक्त खाली सावलीत, तोही मातीकडे झुकलेला. चाळीस वर्षं मी केळीचं पान न बघता काढत होते.

नवीन चित्र माझ्याकडे असं येतं. काहीतरी चुकत असतं आणि कुणीतरी बोट ठेवतं. मग वहीत रंग न लावता शब्दच लिहून घेते: "मधलं पान लिंबू, कडा फाटलेल्या, फाटीतून मागची सावली दिसते, जमिनीवर वाळलेली पानं तपकिरी नाही, गुलाबीकडे." मोबाइलवर फोटोही काढते, पण रंगासाठी नाही, कुठलं पान कुठे होतं तेवढ्यापुरता. फोटोतला हिरवा रंग मोबाइल स्वतःच्या मनाने ठरवतो.

घरी आल्यावर चार बाय सहा इंचाची तीन-चार छोटी कच्ची चित्रं करते. त्यात फक्त गडद-फिकट. त्याचा फोटो काढून काळा-पांढरा करून बघते. त्यात चित्र उभं राहिलं नाही तर रंगात कधीच उभं राहणार नाही. मोठ्या कॅनव्हासवर पहिली आखणी बर्न्ट सिएना हा लालसर तपकिरी रंग पातळ करून. ही सवय अजिंठ्याने लावली. आमच्याकडून अजिंठा साधारण साठ किलोमीटर, क्लासच्या मुलांना दरवर्षी नेते. तिथल्या चित्रकारांनी आधी गेरूच्या लाल रेघेने आखणी केली, मग रंग भरले, आणि शेवटी पुन्हा रेघ काढली. मुलांना सांगते, रेघ बदलायला लाजू नका.

पानाचं तंत्र सांगते, कारण यावर मी दोन महिने घालवलेत. पलीकडून ऊन आलेलं पान पांढरा मिसळून उजळ करायला गेलात तर खडूसारखं मरतं. आधी पानाची जागा पांढरीच ठेवायची, त्यावर लेमन यलो, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग सॅप ग्रीन अगदी पाण्यासारखा पातळ करून एक हात. खालचा पिवळा वर झिरपतो. आभाळ पडलेल्या पानाला मात्र उलटं: सेरुलियन ब्लूमध्ये पांढरा आणि चिमूटभर हिरवा, जाड, झाकणारा. एकाच झाडाची दोन पानं, आणि रंग लावायची रीत दोन टोकांची.

एक आपल्या भागापुरतं. मी अ‍ॅक्रिलिक (पाण्यात कालवायचे, झटपट वाळणारे रंग) वापरते, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५वर गेला की रंग पॅलेटवर ब्रश बुडवेपर्यंत वाळतो. पुण्या-मुंबईच्या लोकांचे व्हिडिओ बघून मी रंगाच्या कंपनीला शिव्या घालायचे. आता स्टीलच्या ताटात ओलं फडकं अंथरते, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. दुपारभर टिकतो. आणि कूलरसमोर बसू नका. गार वाटतं, पण एकदा ओल्या वॉशवर (पाणीदार रंगाच्या हातावर) कूलरचे तुषार उडाले आणि आख्ख्या आभाळाला देवी आल्या.

आता मुद्द्याचं. हे केळीचं चित्र अर्धं झालं असताना मी त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकला. पिवळी पानं लागली होती, सावली बाकी होती. अर्ध्या तासात पन्नासेक जणांचं "वा, क्या बात है", "आता हात लावू नको, झालं", "मला हवंय, किती?" आणि मी खरंच हात लावला नाही! आठ दिवस. नवव्या दिवशी ब्रश उचलला तर हात कचरायला लागला, जणू लोकांचं चित्र खराब करतेय. शेवटी भीत भीत सावली भरली, तीही अर्धी. ते चित्र आजही माझ्या लोखंडी कपाटात आहे. विकायला काढलं नाही, कारण मला त्यात भित्री बाई दिसते. दुसरं नव्याने केलं ते विकलं गेलं.

तेव्हापासून नियम असा की चित्र चालू असताना ज्याला *ती वस्तू* कळते त्यालाच दाखवायचं, चित्र कळणाऱ्याला नाही आणि विकत घेणाऱ्याला तर मुळीच नाही. केळीवाला, गवंडी, बैलवाला. हे लोक कौतुक करत नाहीत, चूक सांगतात. बैलगाडीच्या एका चित्रात सापती, म्हणजे बैलाच्या गळ्याखालून जूला बांधायचा पट्टा, उलटी बांधलीय हे मला शेजारच्या काकांनीच सांगितलं. तुमच्या पुराच्या चित्रासाठी पांझरेकाठी राहणारा माणूस शोधा. पाण्याचा गढूळ रंग तो तुमच्यापेक्षा नीट सांगेल.

पूर्ण झालं असं वाटलं की चित्र भिंतीकडे तोंड करून पंधरा दिवस. मग सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, वळवून बघायचं. जे खटकतं ते पहिल्या दोन मिनिटांत खटकतं. आरशातही बघा, तोल बिघडला असेल तर लगेच कळतं. तैलरंग असतील तर व्हार्निशची घाई करू नका, सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं. विकताना तसं ग्राहकाला सांगा.

मग मात्र लपवायचं नाही. आपल्या भागातले बरेच जण इथे उलटं करतात: अर्धवट काम रोज दाखवतात आणि पूर्ण झालेलं कपाटावर ठेवतात. मला नातेवाइकांनी चाळीसगावचे छायाचित्रकार-चित्रकार केकी मूस यांचं उदाहरण किती वेळा दिलंय! मोठा माणूस, १९१२ ते १९८९, आयुष्याची कितीतरी वर्षं स्टेशनजवळच्या बंगल्यातून जवळपास बाहेर न पडता काम केलं. पण ते ऐकवणाऱ्यांचा रोख एवढाच असतो की खऱ्या कलाकाराने पैशाचं बोलू नये. हेच लोक लग्नाला फुकट पोर्ट्रेट मागतात.

किंमत मी चौरस इंचावर काढते. अठरा बाय चोवीस म्हणजे ४३२ चौरस इंच. माझा सध्याचा दर वीस रुपये, म्हणजे ८,६४०, ते मी साडेआठ हजार सांगते. फ्रेम वेगळी. लहान चित्राला हाच दर लावला तर मार खाल: नऊ बाय बारा १०८ इंचांचं, वीसच्या दराने २,१६० होतात, पण डोकं तेवढंच लागलेलं असतं. म्हणून लहानांना तीस. तुम्ही सुरुवात दहा-बाराने करा, हरकत नाही, पण सगळ्या चित्रांना एकच हिशोब ठेवा. याचा फायदा किमतीपेक्षा जिभेला होतो. "मला वाटतं एवढे" म्हणताना माणूस अडखळतो, "एवढ्या इंचाचे एवढे" म्हणताना नाही. आमच्या सराफ बाजारात कुणी भाव सांगताना लाजतं का? पुढे कधी गॅलरीत गेलात तर तिथे तीस-चाळीस टक्के, कधी निम्मंसुद्धा कमिशन जातं. तेव्हा घरून विकताना खूप खाली दर ठेवला असेल तर दोन किमतींचा घोळ होतो. घासाघीस झाली तर मी दर तोडत नाही, कुरियरचा खर्च माझ्याकडे घेते. चुलत्यालाही हाच दर.

फोटो सकाळी आठ-नऊला, ओसरीच्या सावलीत, चित्र उभं आणि मोबाइल बरोबर मध्यावर. फ्लॅश नाही. एक सरळ, एक जवळून ब्रशचे फटकारे दिसतील असा, एक भिंतीवर खुर्चीशेजारी, म्हणजे आकार समजतो. खाली लिहायचं: माप, माध्यम, साल, आणि किंमत. "किंमत इनबॉक्समध्ये विचारा" याचा मला मनस्वी राग आहे. ज्याचं बजेट नाही तो विचारायला लाजतो आणि ज्याचं आहे त्याला कंटाळा येतो. वर्णनात "मनाच्या गाभाऱ्यातून" वगैरे नको. मी केळीच्या त्या दुसऱ्या, नव्याने केलेल्या चित्राखाली म्हाताऱ्या बाबांचं वाक्य जसंच्या तसं टाकलं होतं. ते चित्र पुण्यातल्या एका बाईंनी घेतलं. त्या मूळच्या शिरपूरच्या, वाक्य वाचूनच फोन केला म्हणाल्या.

निम्मे पैसे आधी आले की मगच "राखीव" लिहा. मी एकदा तोंडी शब्दावर दोघांना एकच चित्र कबूल करून बसले होते, त्यातली एक माझी नणंद. आणि चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट, लेखी दिला नसेल तर, तुमच्याकडेच राहतो. बिलावर एक ओळ टाका. चित्र जाण्याआधी चांगला फोटो काढून ठेवा आणि एका वहीत नंबर, माप, कुणाला, केव्हा.

पार्सल. त्या पुण्याच्या बाईंनाच मी मे महिन्यात चित्र पाठवलं, बबल रॅप थेट रंगावर गुंडाळून. गाडीत चार दिवस तापलं. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने मऊ पडतं हे मला माहीत होतं, पण डोक्यातच आलं नाही. त्यांनी उघडलं तर आख्ख्या मळ्यावर गोल गोल ठसे, एकसारख्या रांगेत. बाई भल्या, म्हणाल्या ठिबकचे थेंब पडल्यासारखे दिसतायत. चित्र परत मागवलं, दुरुस्त केलं, जुलैत पुन्हा पाठवलं, जाण्यायेण्याचा खर्च माझा.

आता कॅनव्हास लाकडी चौकटीवरून काढते, रंग बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळते, मध्ये केकच्या ट्रेत घालतात तो न चिकटणारा कागद, वरून प्लास्टिक, आणि सगळं चार इंची पीव्हीसी पाइपमध्ये, दोन्हीकडे टोपण. जळगावात पाइपाला तोटा नाही, कापलेले तुकडे दुकानदार हसत देतो. तुमच्या पांझरेच्या चित्राची रुंदी कळवा, आणि रंग तैल आहेत की अ‍ॅक्रिलिक तेही. पाइप किती लांब कापायचा आणि किती दिवस वाळू द्यायचं ते सांगते.