दुकानाचा फोटो आधी कुणाच्या ग्रुपवर आला होता?

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरीला आहे. मुलाला १८ पूर्ण झाली. बारावी सायन्सला ६७ टक्के, एमएचटी-सीईटीत ५८ पर्सेंटाइल. दहावीपर्यंत गुणी होता. गेलं वर्षभर मात्र कुठल्या ना कुठल्या वादावर सतत चिडलेला असतो. आपल्या महापुरुषाबद्दल बाहेरगावच्या कुणीतरी वाईट पोस्ट टाकली, तेव्हा यानं 'जशास तसे' असं स्टेटस ठेवलं, सोबत गावातल्या एका दुकानाचा फोटो. शिवीगाळ काही नव्हती, तरी पोलीस ठाण्यातून नोटीस आली. आता सरकारी नोकरी, पासपोर्ट सगळं संपलं असं लोक म्हणतात. या वातावरणातून काढायचं म्हणून पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून इंजिनिअरिंगला घालायचं ठरवलं आहे, कर्ज मिळेल. त्यानं मात्र घरी न सांगता पाच वर्षांच्या लॉची सीईटी दिली, फी मामानं भरली. वकील होऊन आपल्या लोकांसाठी लढणार म्हणतो. वकिली म्हणजे पुन्हा तेच राजकारण. त्याची आई म्हणते, मोबाइलच काढून घ्या. तो फोटो आमच्या मित्रमंडळाच्या ग्रुपवर आला होता, पण मी पुढे पाठवला नाही, फक्त अंगठा दिला होता. मार्गदर्शन करावं. (पत्र संक्षिप्त केलं आहे.)

उत्तर : टक्के, पर्सेंटाइल, कोटा यांच्याकडे नंतर येते. मूळ पत्रात तुम्ही मुलाच्या रागावर दीड पान लिहिलंत आणि स्वतःच्या अंगठ्यावर अर्धी ओळ, तीही जाता जाता. सगळ्यात जास्त खटकली ती हीच अर्धी ओळ.

त्या फोटोचा प्रवास बघा. दुकान उघडं असताना कुणीतरी समोर उभं राहून, पाटी नीट दिसेल असा फोटो काढला. तो तुमच्या ग्रुपवर आला. ग्रुपवर कोण? चाळिशी-पन्नाशीची, पगारदार, हप्ते फेडणारी माणसं. 'अहो, यात या दुकानदाराचा काय संबंध?' असं त्यातल्या एकानंही विचारलं नाही. तुम्ही अंगठा दिलात. मग कुठून तरी फिरत तो फोटो तुमच्या मुलाच्या मोबाइलवर आला आणि त्या पोरानं तो स्वतःच्या नावानं, स्वतःच्या नंबरावर सगळ्यांना दिसेल असा लावला. नोटीस त्याला आली. तुमच्या ग्रुपमधल्या कुणालाच आली नाही, कारण कुठल्या पायरीवर थांबायचं ते मोठ्या माणसांना बरोबर कळतं. मुलगा भरकटला असं तुम्ही लिहिता. मला तर तो घरच्याच वाटेनं दोन पावलं पुढे गेलेला दिसतो.

माझ्यासमोर बसणाऱ्या पालकांत हा प्रकार नवा नाही. रात्री जेवताना टीव्हीवर चर्चेचा आरडाओरडा चालू असतो, वडील म्हणतात, 'यांना एकदा धडाच शिकवला पाहिजे,' आणि भात वाढून घेतात. त्यांच्या लेखी विषय तिथंच संपतो. पोरगं मात्र ते मनावर घेतं. त्याला वाटतं, बाबांना जे करता येत नाही ते आपण करतोय. मग एक दिवस पोलीस दारात येतात आणि बाबा म्हणतात, हे तुला कुणी शिकवलं?

दुकानाबद्दल तर तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. कशाचं दुकान, मालक कोण, तुमच्या घरात तिथून काय काय येतं? तालुक्याचं गाव आहे, कदाचित त्याचं पिग्मी खातं तुमच्याच पतसंस्थेत असेल. पोस्ट टाकणारा दूर कुठेतरी, त्याचं नावही धड माहीत नाही. तो हाती लागत नाही, मग जो हाताशी आहे त्याच्यावर राग निघतो. तुमच्या भागाला हे मी सांगायला नको. ७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे : काही पोरांची स्टेटस, त्यावरून बंदची हाक, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर आणि मग इंटरनेट बंद. २००९ साली गणपतीत मिरज पेटली ती एका चित्रावरून. जून २०१४ मध्ये महापुरुषांची विटंबना करणाऱ्या चित्रांवरून पुणे तापलं आणि हडपसरला जमावानं एका तरुण संगणक अभियंत्याचा जीव घेतला. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

म्हणून ॲडमिशनच्या आधीचं पहिलं काम हे : त्या दुकानात जा. तुम्ही जा. 'माझ्या मुलानं तुमच्या दुकानाचा फोटो लावला, आमच्या ग्रुपवरही तो फिरला, मी थांबवला नाही, चूक झाली' एवढं सांगा. मुलाला बरोबर यावंसं वाटलं तर येऊ द्या, ओढत नेऊ नका. आणि ग्रुपवरही एकदा लिहा. लाज वाटेल, दोन-चार जण टोमणे मारतील, एखादा ग्रुप सोडूनही जाईल. जाऊ द्या.

आता नोटीस. तुमच्या वर्णनावरून ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १४९ ची, म्हणजे जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या कलम १६८ ची प्रतिबंधात्मक नोटीस दिसते. गावोगावी अजूनही तिला '१४९ ची नोटीस' असंच म्हणतात. सण, मिरवणुका, मोर्चे आले की मंडळांच्या कार्यकर्त्यांना ती सर्रास दिली जाते. ती म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे. एफआयआर नाही, अटक नाही, कोर्टात खटला नाही. 'नोकरी गेली, पासपोर्ट गेला' हे कट्ट्यावरचं कायद्याचं ज्ञान आहे. पण म्हणून ती रद्दीत टाकायचा कागदही नाही. तिच्यात सहसा एक ओळ असते : पुढे काही अनुचित घडलं, तर सदर नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल. म्हणजे पुढच्या वेळी 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय राहिली नाही. धर्म, जात वगैरेंवरून तेढ वाढवण्याचं कलम, आताच्या भारतीय न्याय संहितेतलं १९६, हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोटीस नीट वाचा, कलम कोणतं ते पाहा, झेरॉक्स काढून ठेवा आणि जवळच्या वकिलाला एकदा दाखवा. नोकरीचं म्हणाल, तर नियुक्तीच्या वेळी साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची पूर्वीची माहिती देण्याचा अर्ज, भरून घेतात. त्यात जे विचारलं असेल त्याचं खरं उत्तर द्यायचं. लोक नेमके इथं मार खातात. 'गुन्हा होता, पण मिटला, कशाला लिहायचं' म्हणून लपवतात आणि पडताळणीत ते निघतं. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या विषयाचा सगळा गुंता सोडवला आहे. तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखी किरकोळ बाब असेल, तर ती लपवली तरी नियोक्ता आपल्या अधिकारात पोटात घालू शकतो, असं त्यात म्हटलंय. पण गंभीर गोष्ट दडवली, तर नोकरी जाऊ शकते. 'सरकार आंदोलनातल्या केसेस मागे घेतं' यावरही फार विसंबू नका. शासन निर्णय निघतात हे खरं, पण त्यात जीवितहानी नसावी, नुकसान मर्यादेत असावं अशा अटी असतात आणि शेवटी कोर्टाची परवानगी लागते. जानेवारी २००४ मध्ये एका पुस्तकाच्या वादातून पुण्यात भांडारकर संस्थेची मोडतोड झाली, त्या खटल्याचा निकाल २०१७ मध्ये लागला. आरोपी निर्दोष सुटले. मधली तेरा वर्षं ज्यांनी तारखांना काढली, त्यांना विचारा सुटका कशी असते ते.

पुण्याला पाठवून काय साधणार? मोबाइल त्याच्याबरोबरच जाणार. गावात निदान संध्याकाळी कुणीतरी 'कुठं होतास?' विचारतं. तिथं कॉट बेसिसच्या खोलीत तो, मोबाइल आणि तिसऱ्या सेमिस्टरचं न झेपणारं गणित. शिवाय इंजिनिअरिंगचं ओळखपत्र काही कवच नाही. मे २०२५ मध्ये पुण्यातच इंजिनिअरिंगच्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीला 'ऑपरेशन सिंदूर'वरच्या पोस्टसाठी अटक झाली. पोस्ट तिनं काढली होती, माफीही मागितली होती. तरी कॉलेजनं तिला काढून टाकलं. शेवटी मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला आणि कॉलेजलाही खडसावलं, जामीन दिला, परीक्षेला बसू दिलं. न्यायालयानं तिला सांभाळून घेतलं, पण तेवढ्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. ५८ पर्सेंटाइलवर, मुलाची इच्छा नसताना, कर्ज काढून कोट्याची सीट घेणं हा माझ्या मते शुद्ध वेडेपणा आहे. त्या पैशांत लॉची पाच वर्षं निघून वर शिल्लक राहील.

लॉचं म्हणाल, तर वाट सोपी आहे : सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्यांत कोल्हापूर, सांगली, पुण्याची कॉलेजं क्रमानं भरायची. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट डिसेंबरात असते, ती या वर्षी हुकली. घरी न सांगता त्यानं सीईटी दिली याचा तुम्हाला राग आलाय. मला त्यात एक बरी गोष्ट दिसते. इतक्या तापलेल्या डोक्यानं त्यानं स्वतः अर्ज भरला, तारीख पाळली, पेपर दिला.

पण त्याच्या 'आपल्या लोकांसाठी लढणार' या वाक्यावर मला त्याच्याशीच बोलायचंय. पुढचं त्याला वाचून दाखवा, किंवा हातात द्या.

बाळा, तो दुकानदार उद्या तुझ्या ऑफिसात आला आणि म्हणाला, 'वकीलसाहेब, माझ्या दुकानाचा फोटो लावून गिऱ्हाईक तोडलं, केस घ्या,' तर घेशील? ते जाऊ दे. ज्यानं ती वाईट पोस्ट टाकली, त्याला जामीन हवाय आणि गावातला एकही वकील उभा राहत नाही. तू राहशील? लोक चिडले की बार असोसिएशन ठराव करतात, अमक्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. असे ठराव बेकायदा आहेत असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये स्वच्छ सांगितलं. १९३४ साली संततिनियमनावर लिहिणाऱ्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. सनातनी मंडळी त्यांच्यावर किती खवळलेली होती ते वाच. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. खटला हरले, पण उभे राहिले. आपल्याच माणसांसाठी लढायचं असेल, तर त्यासाठी पक्षाचं कार्यालय आहे, तिथं वकिलीची सनद लागत नाही. वकिलीत लढायचं ते समोर बसलेल्या माणसासाठी.

दुसरं, चीड आली म्हणजे विषय कळला असं होत नाही. मराठा आरक्षणाचा कायदा रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ५ मे २०२१ ला आला, त्यानंतर एक मुलगा माझ्याकडे आला होता, लालबुंद होऊन. मी विचारलं, न्यायालयानं कोणत्या आयोगाचा अहवाल मान्य केला नाही? त्याला गायकवाड आयोगाचं नाव माहीत नव्हतं. ५० टक्क्यांची मर्यादा कुठून आली? १९९२ चा इंद्रा साहनी निकाल त्यानं ऐकलेला नव्हता. उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हाच कायदा टक्के कमी करून टिकवला होता, हेही नाही. त्याच आठवड्यात निकालावर खूश झालेला दुसरा एक जण आला, तोही तितकाच कोरा. दोघांना मी एकच काम दिलं : निकाल वाच आणि तुझ्या विरुद्ध बाजूचा युक्तिवाद एका पानात लिहून आण, असा की त्या बाजूच्या माणसानं म्हणावं, बरोबर मांडलंस. पहिल्यानं आणलं. दुसरा पुन्हा फिरकला नाही. तूही तुझ्या आवडत्या वादावर हे करून बघ. लिहिताना कंटाळा आला तर लॉ घेऊ नकोस, कारण तिथं पाच वर्षं हेच आहे. मग बी.ए., बी.कॉम. कर, काही बिघडत नाही.

पुन्हा वडिलांकडे. ॲडमिशन होईपर्यंत मुलाला आठवड्यातून दोन दिवस तालुक्याच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसू द्या. खुल्या कोर्टात कुणीही बसू शकतं, शर्ट नीट इन केलेला असावा आणि मोबाइल बंद. जमलंच तर बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीत, बेकायदा जमाव, दंगल अशी कलमं लागलेली एखादी जुनी केस शोधू द्या. पाच किंवा त्याहून जास्त माणसं गुन्ह्याच्या हेतूनं जमली, तर दगड एकानं मारला तरी त्याची जबाबदारी सगळ्यांवर कशी येते, हे पुस्तकापेक्षा तिथं लवकर कळतं. पस्तीस-चाळीस वर्षांची, टक्कल पडू लागलेली माणसं विशीतल्या एका दुपारपायी नाव पुकारल्यावर उभी राहतात, पुढची तारीख घेतात आणि मोटारसायकलला किक मारून निघून जातात. ज्यांच्या भाषणावर ती तेव्हा धावली, ते तिथं दिसणार नाहीत.

राहिला मोबाइल. त्याच्या आईला सांगा, काढून घेऊ नका. तो सज्ञान आहे, कॅप फेऱ्यांचे मेसेज त्याच नंबरावर येणार आहेत, आणि हिसकावलेला मोबाइल दोन दिवसांत मित्राकडून दुसरा मिळतो. घरात रात्री साडेनऊनंतर सगळ्यांचे मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचा पहिला. जेवताना बातम्यांच्या चर्चा बंद. आणि कोट्याच्या सीटसाठी कॉलेजला काही टोकन भरलं असेल, तर परताव्याची मुदत काय आहे ते उद्याच फोन करून विचारा, कॅपची पहिली यादी लागेपर्यंत थांबू नका.