अकरावीला लीगल स्टडीज: घ्यावा की नाही?

ताई, लीगल स्टडीज या कायद्याच्या विषयाबद्दल 'सध्या शिक्षक नाहीत, पण विषय घेऊन ठेवा, नाही जमला तर बारावीला बदलून देऊ' हे तुमच्या मुलीच्या शाळेचं उत्तर वाचून डोकंच फिरलं. अगदी हेच वाक्य आम्हालाही ऐकवलं होतं. नोंदणी झाल्यावर त्याच खिडकीतून 'आमच्या हातात काही नाही' असं ऐकायला मिळालं. सीबीएसईत अकरावीला जे विषय नोंदवाल, तेच बारावीला चालवायचे असतात. मधे बदलायचा तर शाळेमार्फत बोर्डाची परवानगी काढावी लागते. म्हणून तोंडी आश्वासनावर जाऊ नका. शिकवणार कोण, आठवड्याला तास किती आणि २० गुणांचा प्रकल्प कोण तपासणार, हे लेखी मागा. लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर सरळ दुसरा विषय घ्या.

आता 'लॉला जायचंय म्हणून हवाच' याबद्दल. तशी गरज नाही. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावीची कुठलीही शाखा चालते, गुणांची अट तेवढी बघा. सीयूईटीतूनही (केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेश परीक्षेतूनही) हा विषय २०२५ पासून काढून टाकलाय, त्यामुळे तो फायदाही गेला.

तरी आवड असेल तर जरूर घ्यावा, पण ८० गुणांची लेखी परीक्षा पाठांतरावर निघत नाही. उदाहरण घ्या. सतरा वर्षांच्या मुलाने कर्जाने स्कूटर घेतली, हप्ते थकले, वसुली होईल का? निम्मी मुलं 'करार व्हॉइडेबल' (म्हणजे एका पक्षाला हवं तर रद्द करता येणारा) लिहितात आणि तिथेच गुण जातात. फसवणूक किंवा जबरदस्ती असेल तर करार व्हॉइडेबल. अज्ञानाचा, म्हणजे अठरा वर्षांखालच्याचा करार मुळातच व्हॉइड, म्हणजे पहिल्यापासूनच रद्दबातल, कारण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे तो करार करायला सक्षमच नाही. आधाराला मोहोरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष हा निकाल, प्रिव्ही कौन्सिल (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय), १९०३. मग कलम ६८: जीवनावश्यक वस्तू पुरवल्या असतील तर भरपाई त्याच्या मालमत्तेतून, त्याच्याकडून व्यक्तिशः नाही. स्कूटर जीवनावश्यक कशी, हे परिस्थितीवरून मांडायचं आणि निष्कर्ष एका ओळीत. नियम, आधार, दिलेल्या माहितीला लावणं, निष्कर्ष. हा क्रम मोडू नये.

गंमत म्हणजे हीच तयारी क्लॅटमध्ये (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत) अंगाशी येते. तिथे उताऱ्यात दिलेला नियमच खरा धरायचा. उताऱ्यात 'पालकांच्या संमतीने करार बंधनकारक' असं असेल तर कलम ११ विसरायचं. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणजे हुशारी महागात पडते. आपल्या महाराष्ट्राच्या लॉ प्रवेश परीक्षेत, एमएच-सीईटीत, ऋण गुण नाहीत आणि थेट कायद्याचे प्रश्नही येतात, तिथे हा अभ्यास खरोखर उपयोगी पडतो.

मी सीबीएसईपुरतंच बोलतेय, आयएससीवाल्यांनी (आयसीएसईच्याच मंडळाची अकरावी-बारावी) आपलं माहितीपत्रक बघावं. गुणविभागणीही त्या-त्या वर्षीची पडताळा.

जुनी पुस्तकं अजिबात घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. करार कायद्याचे क्रमांक मात्र तेच आहेत. मूळ कायदे 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात, तिथूनच उतरवून घ्या.