वरचा मजला चढवायच्या आधी फिरायचे पैसे बाजूला काढा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत ३२ वर्षं नोकरी, अजून आठ महिन्यांनी ५८ पूर्ण, पीएफ ३४ लाखांच्या आसपास, ग्रॅच्युइटी ७ लाखांच्या वर, म्हणजे हातात ४१ लाख येतील, पेन्शन महिना साडेचार हजार बसेल असं ऑफिसात सांगितलंय, घरखर्च २६ हजार, मुलगी सासरी, मुलगा पुण्यात. त्यातनं १८ लाख घालून कळंब्याच्या घरावर वरचा मजला चढवायचा आणि उरलेल्यात वर्षातनं एक मोठी ट्रिप जमेल का असं विचारलंय.

उरलेल्यात नाही जमणार. अनुभवानं सांगतो, कारण हेच सगळं मी करून बसलोय.

मी गोकुळ शिरगावला मशीन शॉपला ३१ वर्षं काढली, २०१६ ला सुटलो. पैसे हातात आले आणि दुसऱ्याच महिन्यात गवंडी बोलावला, मुलगा पुण्याहनं परत येईल, सून येईल, नातवंडांना खेळायला जागा पायजे, असं सगळं डोक्यात. १४ लाख गेले. आमच्या सौ. तेव्हा म्हणत होत्या की आधी काशी करून येऊया, मी म्हणायचो की स्लॅब पडू दे मग जाऊ, मग प्लास्टर होऊ दे, मग रंग. मुलानं हिंजवडीकडं फ्लॅट घेतला, आता तो दिवाळीला चार दिवस येतो आणि ते चारही जण खालीच झोपतात, आईच्या जवळ. वरच्या मजल्याची किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला असते. महिन्यातनं एकदा मी वर जातो, खिडक्या उघडतो, झाडू मारतो आणि खाली येतो.

काशीला गेलो शेवटी २०२३ ला, तोवर सौ. च्या दोन्ही गुडघ्यांनी उत्तर दिलं होतं. दशाश्वमेध घाटाच्या वरच्या पायरीवर त्या बसल्या, पाय लांब केले आणि म्हणाल्या तुम्ही जाऊन या. मी खाली गेलो, घरनं नेलेला तांब्या भरला, त्या एवढ्या पायऱ्या चढून वर आलो आणि त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. त्यांनी डोळ्याला लावलं, डोक्यावर शिंपडलं, उरलेलं माझ्या पायावर सांडलं. सात वर्षं आधी गेलो असतो तर दोघं मिळून पाण्यात उतरलो असतो. हे मला अजून लागतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आता तुमचा हिशोब बघा. पोस्टात किंवा बँकेत सिनियर सिटीझन स्कीम आहे, एका माणसाला ३० लाखांपर्यंत, २०२३ च्या बजेटात ती मर्यादा १५ वरनं ३० केली. व्याज एप्रिल २०२३ पासनं ८.२ टक्के आहे, सरकार दर तीन महिन्यांनी दर बघतं पण तुम्ही भरला त्या दिवशीचा दर तुमच्या खात्याला पाच वर्षं तसाच राहतो. वय ६० लागतं, पण रिटायर झालेल्या माणसाला ५५ पासनं चालतं, अट एवढीच की रिटायरमेंटचे पैसे मिळाल्यापासनं तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं आणि मिळाले तेवढ्यातलेच पैसे टाकायचे. कंपनीकडनं तसं पत्र घेऊन ठेवा, हे तीन महिने कसे जातात कळत नाही, पाहुणे येऊन भेटून जाण्यातच एक महिना जातो.

३० लाखांवर वर्षाला २ लाख ४६ हजार होतात, दर तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिन्याला २०,५०० धरा. त्यात पेन्शनचे साडेचार मिळवले की २५ हजार. तुमचा खर्च २६ हजार. भागलं की जवळजवळ. आता त्यातले १८ लाख मजल्यात घाला, हातात राहिले २३, सगळेच्या सगळे स्कीममध्ये टाकले तरी महिना पावणेसोळा हजारांच्या आत, पेन्शन धरून २० हजार. दर महिन्याला ६ हजार कमी आणि खिशात आजारपणाला एक रुपया नाही. भाड्यानं देईन म्हणाल तर वर ७ हजार भाडं आलं असं धरू, वर्षाचे ८४ हजार, १८ लाखांवर पाच टक्केसुद्धा पडत नाहीत, त्यातनं घरफाळा, रंगरंगोटी, मधले रिकामे महिने. तेच १८ लाख स्कीममध्ये महिन्याला १२,३०० देतात. एक मात्र खरं, घर पूररेषेत असतं तर मी मजला बांधा म्हणालो असतो, २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना वरच्या खोलीची किंमत विचारा. पण कळंब्याकडं तो प्रश्न नाही.

स्कीममध्ये टाकताना सगळे एका खात्यात घालू नका. एक पोस्टात, एक बँकेत, जमलं तर असं करा. कारण मध्येच मोडायची वेळ आली तर वर्षाच्या आत व्याजच मिळत नाही, दुसऱ्या वर्षात दीड टक्का कापतात आणि दोन वर्षांनंतर एक टक्का, तर छोटं खातं मोडावं आणि मोठं तसंच चालू ठेवावं. आणि टीडीएस, म्हणजे व्याजातनं आधीच कापला जाणारा टॅक्स, कापू नये म्हणून दर एप्रिलात फॉर्म भरून द्यायचा, तुमच्या उत्पन्नावर टॅक्स बसणार नाही पण कापलेला परत मिळवायला रिटर्न भरत बसावं लागतं.

४१ मधले ३० स्कीममध्ये गेले की राहिले ११ लाख. इथं तुमच्याकडं माणसं येतील बघा. नातेवाईक, ओळखीचे, पतसंस्थेवाले, जादा दोन टक्के देतो म्हणणारे. माझे स्वतःचे तीन लाख एका पतसंस्थेत अडकलेत, सात वर्षं झाली, दर सहा महिन्यांनी जाऊन अर्ज देऊन येतो. बँक बुडाली तर प्रत्येक खातेदाराला एका बँकेमागं व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकांनासुद्धा आहे, पण पतसंस्थेला तो विमा नाही. बोर्डावर कितीही मोठं नाव असू दे, चेअरमन कितीही ओळखीचा असू दे. रिटायरमेंटचा पैसा तिथं ठेवू नका, हात जोडून सांगतो.

तर ११ मधले ३ लाख बँकेत एफडीत, दोन-तीन तुकडे करून, अडीअडचणीला. ५ लाख वेगळे काढा आणि सात-आठ वर्षं त्याच्याकडं बघू नका, म्युच्युअल फंडात अर्धे शेअर अर्धे कर्जरोखे असतात तसल्या फंडात, एकदम नको, वर्ष-दीड वर्षात थोडे थोडे करून. हे का, तर महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो, म्हणजे तुम्ही सत्तरीला याल तेव्हा आजचे २६ हजार ५२ होतील, आणि पीएफची पेन्शन जी सुरू होते ती वाढत नाही, साडेचार ती साडेचारच. हे माझ्या लक्षात यायला लई उशीर झाला. आणि अजून एक, तुम्ही फाउंड्रीतले, हाताखाली माणसं घडवलेली, दोन-तीन वर्षं आठवड्याला तीन दिवस कुठंतरी सल्लागार म्हणून जा, दहा-बारा हजार आले तरी त्या पाच लाखांना धक्का लागणार नाही.

आणि शेवटचे ३ लाख फिरायचे. यासाठी वेगळं खातं, वेगळं पासबुक, दोघांच्या नावावर. घरखर्चाच्या खात्यात ठेवलेत तर ते राहत नाहीत, फ्रीज बिघडतो, कुणाच्या तरी लग्नाचा आहेर येतो, गाडीचा टायर जातो. वर्षाला ६० हजार असं पाच वर्षं. तुम्ही म्हणाल पाच वर्षांनी काय, तर पाच वर्षांनी स्कीम मॅच्युअर होते, तेव्हा परत बसून हिशोब करायचा, पण पहिली पाच-सात वर्षं ही पायाची वर्षं आहेत, ती फुकट घालवू नका.

म्हणून जागांचा क्रम पैशावर लावू नका, चढावर लावा. केदारनाथ डोक्यात असेल तर पहिल्या दोन वर्षांतच, गौरीकुंडापासनं सोळा-सतरा किलोमीटर चढ आहे आणि देऊळ साडेतीन हजार मीटरच्या वर, तिथं श्वास लागतो, जायच्या आधी तीन महिने रोज रंकाळ्याला पूर्ण फेरी मारायची सवय करा आणि डॉक्टरांना छाती दाखवून घ्या. रेल्वेनं जिथं दारापर्यंत जाता येतं ते पासष्टीनंतर ठेवा. हंपी आपल्याला लई सोपं आहे, हरिप्रिया एक्स्प्रेस कोल्हापुरातनं तिरुपतीला जाते ती हुबळी-गदगवरनं होस्पेटला थांबते, तिथनं हंपी १३ किलोमीटर. म्हणजे एका गाडीत दोन यात्रा, होस्पेटला उतरून दोन दिवस हंपी बघायची आणि परत त्याच गाडीनं पुढं तिरुपती. आम्ही तसंच केलं, तिकिटं मात्र दोन वेगळी काढायची.

रेल्वेत ज्येष्ठांना पूर्वी सवलत होती ती मार्च २०२० पासनं बंद आहे, ती हिशोबात धरू नका. खालचा बर्थ मात्र मिळतो, पुरुषांना ६० नंतर आणि बायकांना ४५ नंतर, पण त्या कोट्यात एका तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असली पाहिजेत, सहा जणांचं एकत्र तिकीट काढलं की तो कोटा जातो. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं, तारीख कॅलेंडरवर पेननं लिहून ठेवा.

एसटीत वहिनींना आत्तापासनंच अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासनं सगळ्या बायकांना आहे. तुम्हाला ६५ ला अर्धं आणि ७५ ला फुकट, राज्याच्या हद्दीत. आमच्या दोघांचं आता अर्धंच लागतं, त्यामुळं पंढरपूर, अक्कलकोट, गणपतीपुळे असलं सगळं आम्ही त्या ६० हजारांत धरतच नाही, घरखर्चातनंच होतं. आणि आता तुम्हाला मे महिन्यात आणि दिवाळीत जायची काही गरज नाही. गगनबावडा उतरून कोकणात पितृपंधरवड्यात जा, डोंगर हिरवागार असतो, लॉजवाला निम्म्यात खोली देतो आणि जेवायला दोन वाट्या जास्त वाढतो.

आरोग्य विमा राहिला. कंपनीची पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते, हे फार जण विसरतात. नोकरीत आहात तोवर दोघांची स्वतःची पॉलिसी काढा, आज काढा, कारण जुन्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तो आत्ताच चालू होऊ दे. फॉर्मवर बीपी-शुगर आहे ते खरं लिहा, एजंट "नको लिहू" म्हणाला तरी लिहा, माझ्या मित्राचा क्लेम त्याच एका ओळीवरनं नाकारला. सत्तरीनंतर आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड सगळ्यांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही, पण तिथवर बारा वर्षं आहेत. हप्ता महिन्याच्या २६ हजारांत धरलाय का तेवढं बघा, धरला नसेल तर त्या सल्लागारीच्या पैशातनं तो भरायचा.

या आठवड्यात करायचं काम म्हणजे पीएफ, आधार आणि बँक या तिन्हींत नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का ते बघा. माझं आडनाव एका ठिकाणी एका अक्षरानं चुकलं होतं आणि पेन्शनचा दहा-डी फॉर्म दोनदा परत आला, चार महिने गेले. नॉमिनी म्हणून वहिनींचं नाव सगळीकडं आहे का तेही बघा.

आणि मजल्याचा विषय घरात काढायच्या आधी एक कागद वहिनींना द्या आणि कुठं कुठं जायचंय ते त्यांनाच लिहायला सांगा, तुम्ही शेजारी बसू नका. आमच्याकडं हे मी काशीहनं आल्यावर केलं. मला वाटलं रामेश्वर असेल, द्वारका असेल. पहिल्या नंबरला औदुंबर लिहिलं होतं. लहानपणी वडिलांबरोबर बैलगाडीनं गेल्या होत्या, त्यानंतर कधीच नाही. इथनं सांगली, सांगलीतनं भिलवडीची गाडी, त्यांचं तिकीट अर्धं, दुपारी पोचलोसुद्धा. कृष्णेच्या घाटाला तिथं धरायला आधार होता. सावकाश, एकेक पायरी करत, पाण्यापर्यंत उतरल्या.