मोटरहोममधला पाण्याचा पंप नळ बंद असतानाही मध्येच घुरघुरतो आणि नळाची धार टिकत नाही. पंप बदलावा का?

अजिबात नको. निदान टाकीचं झाकण उघडून बघितल्याशिवाय तरी नको. मी एकाच प्रवासात दोनदा पंप बदलून बसलोय, आणि दोन्ही वेळा काढलेला पंप धडधाकट होता.

आम्ही लातूरचे. जुनी टेंपो ट्रॅव्हलर घेऊन आत पलंग, ओटा, छोटं न्हाणीघर करून घेतलं. पलंगाखाली शंभर लिटरची टाकी, शेजारी बारा व्होल्टचा पंप. आई-वडिलांना परळी, औंढा आणि वेरूळ अशी मराठवाड्यातली तिन्ही ज्योतिर्लिंगं एका दमात करवायची होती. पावसाळाभर गाडी दारात उभी होती, दिवाळी झाल्यावर निघालो.

परळीलाच रडकथा सुरू. सकाळी पहिली बादली जोरात भरली, दुसरीला धार करंगळीएवढी, आणि मग पंप नुसता ओरडतोय, नळ कोरडा. पाणी संपलं की काय म्हणून टाकीचं झाकण उघडलं, तर पाणी होतं. तेवढ्यात न्हाणीघरातून वडील ओरडले, "आलं, आलं!" मी झाकण लावून मोकळा झालो. तिथंच डोकं चालायला हवं होतं.

दाजींना फोन लावला. त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे फिरणारी कुठलीही वस्तू त्यांच्या अखत्यारीत येते. न बघताच निदान केलं, "पडदा फाटलाय. नवीन टाक." परभणीत फवारणी पंपांच्या दुकानात तसलाच पंप मिळाला, टाकला. औंढ्याला पुन्हा तेच. दाजी म्हणाले, "हलका माल दिला असेल, मोठा घे." जालन्यात मोठा घेतला. त्यानं तर कहर केला, पहिली बादलीसुद्धा पुरती भरेना. वेरूळला वडील अंगाला साबण लावून ताटकळत बसले. सगळे मिळून साडेआठ हजार गेले.

कोडं सोडवलं आईनं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यापासून आई टाकीत पडणारं प्रत्येक भांडं मोजते. आम्ही वीस-वीस लिटरचे जार ओतत होतो. चौथा ओतायला लागलो की पाणी उलटं तोंडावर उडायचं. ती म्हणाली, "आरं, पाच जारची टाकी हाय ना? मग तिनातच कशी भरतीय? गोडेतेलाच्या डब्याला दुसरं भोक पाडलं नाही तर तेल असंच गुचक्या देतं."

टाकीला हवेची एक बारीक नळी असते, आमची फरशीतून गाडीखाली निघते. खाली वाकून बघितलं तर कुंभारीण माशीनं त्या नळीच्या तोंडात मातीचं घर बांधलेलं! चार महिने गाडी उभी, नळीला जाळी नाही, तिला आयती जागा मिळाली. भरायची नळी आमच्या टाकीच्या कुशीत शिरते, तिच्या वर कोंडलेल्या हवेला बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून तीन जार. उपसताना बाहेरची हवा आत यायला वाट नव्हती, म्हणून एक बादली. मोठा पंप जास्त जोरानं ओढायचा, म्हणून तो लवकर हरायचा. झाकण काढताना फुस्स आवाज येत होता, टाकीची कूसही आत ओढली गेली होती, पण आम्ही तिघं बाप्ये पंपाकडेच बघत होतो. तारेनं माती काढली, पाचही जार गेले.

तुमच्या घुरघुरीचं कारण वेगळं असणार. नळ बंद असताना पंप मधूनच सुरू होतो म्हणजे पुढच्या नळीतला दाब कुठेतरी उतरतोय. पंपाच्या पुढे लगेच एक कॉक बसवा आणि रात्री तो बंद करून झोपा. घुरघुर थांबली तर गळती पुढे आहे: गीझरचे सांधे, नळाचे वायसर, कमोडचा व्हॉल्व्ह. प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवा. कॉक बंद असूनही घुरघुर चालूच राहिली तर पंपाच्या आतल्या झडपेतून पाणी मागे टाकीत जातंय. आपल्याकडे बोअरचं पाणी भरलं की त्या झडपेत क्षार आणि बारीक वाळू अडकते. पंपाआधीची जाळी धुवा, पंप उघडून झडप साफ करा. नळ थुंकल्यासारखा पाणी टाकत असेल तर टाकी आणि पंपाच्या मधल्या क्लिपा आवळा, जाळीच्या वाटीची रबरी रिंग बघा. तिथून पंप हवा ओढतो आणि बाहेर थेंब दिसेलच असं नाही.

एक सांगायचं राहिलं. दाजींनी वायरही जाड टाकायला लावली होती, आणि ते बरोबर होतं. पंप चालू असताना त्याच्याच टोकांवर व्होल्टेज मोजा, बॅटरीवर मोजून उपयोग नाही. आमच्याकडे आधीच्या बारीक वायरीत दीड व्होल्ट वाटेतच खाल्लं जात होतं.

बाकी जावयाला तोंडावर "तुम्ही चुकलात" म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून इथे लिहितोय. दाजी अजून म्हणतात की पहिला पंप गेलाच होता, माती निघाली तो योगायोग. तो पंप भंगारात कशाला घालायचा म्हणून तेच घेऊन गेले. दोन वर्षं झाली, त्यांच्या शेतात ड्रमला लावलाय, सोयाबीनवर त्यानंच फवारणी चालते.