साडेचार वर्षांची मुलगी पाय आत टाकून चालते. डॉक्टरांनी पालथी झोपवून जे आकडे लिहिले त्यांचा अर्थ काय?

तुम्ही लिहिलंय की कागदावर 'खुबा आत 70, बाहेर 25, मांडी-पाऊल कोन +10, दोन्ही बाजू सारख्या' एवढंच आहे, एक्स-रे सांगितला नाही, आणि डिचोलीला घरचे सगळे खास शूज करून घ्या म्हणून मागे लागलेत. मी फोंड्यात लहान मुलांची फिजिओथेरपी करते, त्यामुळे हे मोजमाप रोजचंच. आधी उत्तर देते: शूज घेऊ नका. आणि एक्स-रे काढला नाही हे योग्यच केलं.

पाऊल आत पडताना दिसतं, पण पीळ तीनपैकी कुठेही असू शकतो: पावलात, नडगीत किंवा मांडीच्या हाडात. तपासणीचा सगळा खटाटोप तो नेमका कुठे आहे हे शोधण्यासाठी. ही पद्धत अमेरिकेतले हाडांचे डॉक्टर लिन स्टाहेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये मांडली. लहान-मोठ्या निरोगी माणसांचे 1,000 पाय मोजून कुठल्या वयात काय नॉर्मल, ते त्यांनी दाखवून दिलं. आजही तेच वापरतात.

पालथं झोपवून गुडघे काटकोनात वाकवतात, तळवे छताकडे. मग दोन्ही पोटऱ्या एकदम बाहेरच्या बाजूला पडू द्यायच्या. इथेच पालकांचा गोंधळ उडतो, कारण पाऊल बाहेर पडतं तेव्हा मांडी खुब्यात आत फिरत असते. म्हणजे तुमच्या कागदावरचा 'आत 70' हा पाय बाहेर पडतानाचा आकडा! उलट बाजूला एकेक पाय घेऊन 'बाहेर' मोजतात. पाय ढकलायचा नाही, आपल्या वजनाने जिथे थांबेल तिथेच वाचायचं. मूल खुदकन हसलं आणि ढुंगण एका बाजूने उचललं गेलं की आकडा फुगतो, म्हणून मी एक हात कमरेवर ठेवून पुन्हा मोजते. पाच अंशांचा फरक दोन तपासणाऱ्यांत सहज पडतो, त्यावर भांडू नये.

'आत' आणि 'बाहेर' मिळून साधारण 90 ते 100 अंश भरतात. तुमच्या मुलीचे 95, पण वाटणी आतल्या बाजूला झुकलेली. मुलींमध्ये आतला फिरवा 70 पर्यंत नॉर्मलच्या वरच्या टोकाला धरतात. 80, 90 झाला तर पीळ जास्त. म्हणजे तिच्या मांडीच्या हाडाचा पीळ वरच्या टोकाला आहे, आजार नाही. जन्मतः हा पीळ (खुबा किती फिरतो तो आकडा नव्हे, हाडाचा स्वतःचा कोन) 30-40 अंश असतो, मोठेपणी 15 च्या आसपास येतो. चार ते सहा वर्षांत चालणं सगळ्यात आत दिसतं, मुलींमध्ये जास्त. आठ-दहा वर्षांपर्यंत बहुतेकांचं आपोआप सुधारतं.

मांडी-पाऊल कोन त्याच अवस्थेत, घोटा काटकोनात ठेवून वरून बघतात: मांडीची रेषा आणि पावलाची रेषा. बाहेर अधिक, आत उणे. +10 म्हणजे नडगी व्यवस्थित. तळव्याला आतल्या बाजूला बाक नसेल तर पावलाचाही प्रश्न मिटला.

घरी ताळा करायचा असेल तर ओहोटीच्या वेळी मिरामारच्या किनाऱ्यावर न्या. ओल्या वाळूत सरळ चालू द्या, तुम्ही मागून बघा. टाच-बोटांची रेषा चालण्याच्या दिशेपेक्षा आत जाते का ते उमटलेलं दिसेल. मात्र पीळ कुठे आहे ते वाळू सांगत नाही. त्यासाठी समोरून गुडघ्याच्या वाट्या बघा. वाट्याही एकमेकींकडे बघत असतील तर मांडी. वाट्या सरळ आणि पाऊल तेवढं आत असेल तर नडगी किंवा पाऊल.

डब्ल्यूसारखं बसण्यावरून तिला ओरडू नका. तशी बसते म्हणून हाड पिळत नाही, हाड तसं आहे म्हणून ते बसणं सोपं जातं. 'बाहेर 25' असलेल्या मुलीला चवथीच्या आरतीनंतर भजनाला तासभर मांडी घालून बसवणं ही शिक्षाच आहे. पाट किंवा लहान स्टूल द्या. शूज, पट्टे, दोरीचे ब्रेस यांनी मांडीच्या हाडाचा पीळ बदलत नाही. हजारो रुपये मात्र जातात, आणि मूल शाळेत त्या बुटांवरून चिडवून घेतं.

ऑपरेशन क्वचितच लागतं, तेही आठ-दहा वर्षांनंतर, पीळ खूप आणि रोजच्या वावरात खरी अडचण असेल तर. सीटी स्कॅन तेव्हाच.

पण यातलं काही दिसलं तर मात्र थांबू नका: एकच पाय आत, लंगडणं, दुखणं, एक पाय आखूड, चवड्यांवर चालणं, उशिरा चालायला लागलेलं मूल, किंवा पडणं दिवसेंदिवस वाढत जाणं. अशा वेळी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) हाडांच्या ओपीडीत दाखवा. खुबा, स्नायू, मेंदू या बाजूही बघाव्या लागतात.

नाहीतर वर्षभराने पुन्हा मोजून घ्या, शक्यतो त्याच डॉक्टरांकडून. जाताना आखूड चड्डी घाला आणि अनवाणी चालतानाचा समोरून-मागून काढलेला व्हिडिओ मोबाइलवर ठेवा. तपासायच्या खोलीत मुलं नेमकी सरळ चालून दाखवतात.