बी.एड. झालंय, एम.ए. मराठीला 57 टक्के आहेत, नाशिकमध्ये सिनियर कॉलेजला शिकवायचं तर आधी पीएचडी करावी लागेल का?

नाही, आधी सेट नाहीतर नेट काढा (सिनियर कॉलेजला शिकवायची पात्रता देणाऱ्या परीक्षा, सेट राज्याची आणि नेट देशपातळीवरची), पीएचडीचं नंतर बघू.

सिनियर कॉलेजला असिस्टंट प्रोफेसर व्हायला एम.ए. किंवा एम.एस्सी.ला 55 टक्के (एससी, एसटी, नॉन क्रीमीलेयर ओबीसी आणि दिव्यांगांना 50) आणि नेट किंवा सेट एवढं लागतं. 54.9 चे 55 धरत नाहीत हां, तुमचे 57 आहेत म्हणजे तो प्रश्न मिटला. मध्ये पीएचडी सक्तीची होणार अशी हवा होती, पण ते विद्यापीठांच्या विभागांपुरतं होतं आणि यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2023 मध्ये तेही ऐच्छिक करून टाकलं. असोसिएट प्रोफेसर व्हायला मात्र पीएचडी लागतेच, म्हणजे आज ना उद्या करावी लागणारच आहे.

आपल्याकडे सेट पुणे विद्यापीठच घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. पहिला पेपर 50 प्रश्न 100 मार्क, दुसरा तुमच्या विषयाचा 100 प्रश्न 200 मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. बहुतेक जण विषयात नाही, पहिल्या पेपरातच मागे पडतात असं माझं मत.

नेटचा फॉर्म भरताना मात्र डोळे उघडे ठेवा. 2024 पासून त्यात तीन प्रकारे पात्र ठरतात, जेआरएफ (म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप), असिस्टंट प्रोफेसर आणि फक्त पीएचडी प्रवेश. फॉर्ममध्ये नुसतं पीएचडी प्रवेशासाठी असा पर्याय निवडलात तर पास होऊनही शिकवायला पात्र नाही, आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं असंच झालं आणि सहा महिने पुढच्या परीक्षेची वाट बघत बसली.

आता खरं दुखणं सांगतो. पात्र झालात म्हणजे नोकरी लागली असं नाही, कायम जागा निघतात कमी आणि एकेका जागेला नेट-सेट झालेल्यांची रांग. त्यामुळे सुरुवात बहुतेकांची सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर होते. जून-जुलैत गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या कॉलेजांच्या वेबसाइट बघत राहा, झेरॉक्सची फाइल घेऊन इंटरव्ह्यूला जायचं, पहिला प्रश्न हमखास 'नेट-सेट आहे का?' हाच. पैसे तासाप्रमाणे, आणि तेही कधीकधी महिनोन्महिने अडकतात, म्हणून फक्त त्यावर घर चालवायचा विचार करू नका.

तुमचं बी.एड. इथे कामाचं नाही, पण 11वी-12वीला शिकवायला तेच लागतं, तिथे नेट-सेट विचारत नाहीत. सेटचा अभ्यास चालू असेपर्यंत ज्युनियरला अर्ज टाकून ठेवा की.